पोटाखालचे तीन खिळे

आमच्या घरचा नंदी आमचा नाही, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही मीच काढलेल्या चित्रामुळे. दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. माझा स्वभावच तसा आहे. शाळेत गणित शिकवते, आणि जे सिद्ध झालं नाही ते ऐकून घेत नाही.

चित्रकलेशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या सौंसरच्या बसस्टँडवर पडले, पायाचं हाड मोडलं आणि दीड महिना प्लास्टर. मुलीनं कोऱ्या कागदांची जाड वही आणून दिली. म्हणाली, "आमच्यावर चिडण्यापेक्षा काहीतरी काढत बैस." मी आधी प्लास्टरमधल्या पायाचंच चित्र काढलं. मग खिडकीतला तांब्या, मग नवऱ्याची पट्टा तुटलेली चप्पल. पाय बरा झाला, पण वही काही सुटली नाही. बसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कोपरा, बैलाच्या गोंड्याचा धागा, जे हाती येईल ते मी त्यात चिकटवायला लागले.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एकदा स्टाफरूममध्ये ती वही चाळली. म्हणाले, "मॅडम, तुमची गाय समद्विभुज आहे." मी म्हटलं, "सर, तुमच्या हजेरीची बेरीज दर महिन्याला चुकते, ते मी कधी बोलते का?" पण माणूस चांगला. जाता जाता त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. वस्तू एकाच बाजूनं काढू नका, चारी बाजूंनी फिरवा, उलटी करून खालूनही बघा. तो मी नियमच करून टाकला. त्यात माझे दोन नियम मिळवले. चित्राखाली वस्तूच्या मालकाचं एक वाक्य लिहायचं, त्याच्याच बोलीत, जराही शुद्ध न करता. आणि त्याखाली त्याची सही घ्यायची. सही नसेल तर ते पान माझ्या लेखी अपुरं.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी, पांढुर्ण्याला गेले, तेव्हा डोक्यात नंदी शिरले. आमच्याकडे पोळा झाला की पोरांचा तान्हा पोळा असतो. फळीवर उभा केलेला लाकडाचा बैल, फळीला चार चाकं, पुढे दोरी. पोरं त्याला झूल, गोंडे, बाशिंग घालून दारोदार ओढत नेतात. बाया नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून पेन, बिस्किटाचा पुडा असं काहीबाही ठेवतात. बाकी मुलखात हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. पण त्या दिवशी सारं पांढुर्णा गोटमारीसाठी, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेसाठी, नदीवर असतं, म्हणून आमच्या गल्लीनं आपला तान्हा पोळा तिसऱ्या दिवशी ठेवला आहे. उरलेलं वर्षभर प्रत्येक घरचा नंदी माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. म्हटलं, गल्लीतले सगळे नंदी वहीत उतरवून काढू.

काय एकेक नमुने निघाले! एका घरच्या नंदीचं मोडलेलं शिंग म्हणजे दात घासायच्या ब्रशची दांडी होती, वर सोनेरी बेगड. कोपऱ्यावरच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा बैल मोठ्याकडे गेला आणि चाकांची फळी धाकट्याकडे. वर्षभर दोघं एकमेकांना पाण्यात बघतात, तान्ह्या पोळ्याला मात्र धाकटा फळी घेऊन भावाच्या दारात हजर. मोठ्यानं माझ्या वहीत वाक्य दिलं, "बैल माहा हाये, पण चालते त्याच्या पायानं." मी त्या पानावर दोघांच्या सह्या घेतल्या.

मग शेजारच्या काकूकडे गेले. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आई आणि काकू रोज सकाळी चहाचे कप इकडून तिकडे देतात. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चालू आहे. काकू ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काकू, तुमचा नंदी काढा. चित्र काढते."

"आमच्या घरी कायचा नंदी वं?" त्यांचा हात थांबला. "होता. माह्या बापानं केला होता. गेला."

कसा गेला ते साऱ्या गल्लीला पाठ होतं, मलाही. पण त्या दिवशी काकूंनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे वडील रामाकोन्याचे. संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम. "जिंदगीभर त्यानं चौकोनी काम केलं," काकू म्हणाल्या. "गोल काम एकच केलं, तो नंदी. माह्या पोराच्या बारशाले आणला." पोरगा पाच वर्षांचा झाला त्या साली तान्ह्या पोळ्याला काकूंची धाकटी जाऊ सौंसरहून आली होती. संध्याकाळी ती परत गेली आणि तिच्यासोबत नंदीही गेला. काकूंनी निरोप धाडला, तेव्हा जावेनं बसच्या कंडक्टरबरोबर पोत्यात घालून एक नंदी पाठवला. काकूंनी पोतं उघडलं, नंदी उलटा करून पाहिला आणि त्याच बसनं परत धाडला. "बदलून पाठवला वं तिनं! बाजारातला पाठवला!" झालं. तेव्हापासून चौतीस वर्षं दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. लग्नकार्यात समोरासमोर आल्याच तर पाठ फिरवून बसतात.

"बदलला हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. सवयीनं सिद्धता मागितली; इतक्या वर्षांत ती कोणीच मागितली नव्हती.

"कसं म्हणजे? आमच्या नंदीचं पोट चिरलं होतं. माह्या बापानं तिथी पेटीची चिप बसवली अन् तीन खिळे ठोकले, एका लायनीत. अन् डावा कान पोरानं दात येताना चावून चावून आर्धा केला होता. तिनं पाठवला त्याले खिळे नाही, अन् कान सलामत."

मी म्हटलं, सांगत जा, मी काढत जाते. समोर वस्तू नसताना मी पहिल्यांदाच काढत होते. काकू तांदूळ सोडून माझ्या खांद्याशी येऊन बसल्या. पाठ जरा खोलगट कर. शेपटी बुडाशी जाड. "कान इतका नाही खाल्ला वं, मोठा कर थोडा." मी खोडून मोठा केला. शेवटी पोटाखाली तीन टिंबं दिली, तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. म्हणाल्या, "बापाचा एकही फोटो नाही माह्यापाशी. हाच होता." त्यांनी वाक्य दिलं, "हा माह्या बापाच्या हातचा. जावेनं नेला." आणि खाली सही केली.

आमचा नंदी मी सगळ्यात शेवटी काढायला घेतला, घरचा म्हणून. आमच्या नंदीची गल्लीत वेगळीच ऐट. बाबांना रंगाचा भारी शौक. दर पोळ्याला घरात जो रंग उरलेला असेल त्याचा हात नंदीवर फिरायचा. दारं निळी झाली त्या साली निळा, न्हाणीघर गुलाबी झालं त्या साली गुलाबी. बाबा गेल्यावर ते काम भावानं चालू ठेवलं. त्या वेळी नंदी पोपटी होता, कारण भावाचं गेट पोपटी आहे. मी त्याच्या चारी बाजू काढल्या. मग सरांचा नियम आठवला आणि त्याला उलटा केला.

रंगाच्या थरांखाली तीन फुगवटे होते. एका ओळीत.

मी कान दाबून पाहिला. डावा कान लाकडाचा लागेना, वरचा अर्धा भाग लाकडाची भोकं बुजवायच्या लांबीचा होता. मी वहीचं आधीचं पान उलटलं. काकूंनी सांगून काढून घेतलेला नंदी आणि समोरचा पोपटी नंदी एकमेकांना तंतोतंत जुळत होते.

आणि मग आठवलं. नऊ वर्षांची होते मी. त्या साली आई आणि काकूंनी एकच हिरवं लुगडं फाडून दोन घरच्या नंदींना दोन झुली शिवल्या होत्या. आमचा नंदी तर आदल्याच दिवशी बाजारातून आणलेला. भाऊ दोन वर्षांचा, त्याचा पहिला तान्हा पोळा. सगळे नंदी मारुतीच्या पारावर ओळीनं उभे होते आणि एकदम पाऊस आला. आई ओरडली, "धाव, आपला नंदी आण!" मी धावले. हिरवी झूल दिसली, उचलला, फ्रॉकखाली घेतला, पळत घरी. एका दिवसाच्या ओळखीत मी नंदीचं तोंड थोडंच पाहिलं होतं! मी झूल ओळखली. आणि मागे पारावर जो हिरव्या झुलीचा राहिला, तो आपल्या मोठ्या जावेचा समजून सौंसरच्या काकूनं, म्हणजे काकूंच्या धाकट्या जावेनं, आपल्या पोरासाठी नेला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आधीच ठरवल्याप्रमाणे नंदीला पांढरा ऑइल पेंट मारला. रंगवताना त्यांना कान दिसला. दुकानदारानं कुरतडलेला माल गळ्यात मारला म्हणून ते इतके तापले, की जन्मात पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांनी लांबी भरून कान सारखा केला. पलीकडे काकू नंदीसाठी रडत होत्या आणि इकडे आमच्या अंगणात त्यांचाच नंदी पांढराशुभ्र होऊन उन्हात वाळत होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी आईला बोलावलं. तिनं चष्मा लावला, तिन्ही फुगवटे चाचपले, माझी वही पाहिली.

"गप राह्य," ती म्हणाली. "एकदम गप राह्य."

"आई, अगं..."

"चौतीस वर्षं झाली. ते पान फाडून टाक."

"मी वहीचं पान फाडत नसते."

"मंग मी काय तोंड दाखवू वं तिले? तिच्या जावेले मी तिच्याहून जास्ती शिव्या दिल्या! चोट्टी म्हटलं, बदमाश म्हटलं. अन् चोरीचा माल माह्याच माळ्यावर!" आई रडायलाच लागली. "उद्यापासून भिंतीवरून चहा नाही येणार, पाह्यजो तू."

ते मात्र खरं होतं. बाबा गेल्यापासून आईचा दिवस त्या चहानं सुरू होतो. सांगावं तर आईचा चहा जातो, न सांगावं तर काकूंचा बाप आमच्या माळ्यावर पडून राहतो. सुट्टी संपेपर्यंत मी गप्प राहिले, आणि माझ्यासारख्या बाईला गप्प राहणं म्हणजे काय असतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी सौंसरला परतले. सौंसरची काकू माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. इतकी वर्षं आमच्या काकूंच्या बाजूची म्हणून मी तिला बघून रस्ता ओलांडत असे. एका रविवारी वही घेतली आणि तिचं दार वाजवलं.

"तू तर तिकडची ना?" तिनं दारातूनच विचारलं.

"नंदी काढायला आले. चित्र."

तिनं मला आपादमस्तक पाहिलं. मग आत गेली आणि पोतं घेऊन आली, तेच ते पोतं. कंडक्टरनं परत आणलं त्या दिवसापासून तिनं ते जपून ठेवलं होतं. आत आमचा नंदी, बाजारातला, कान सलामत, अंगावर विटकी हिरवी झूल. कोणी त्याच्याशी खेळलंच नव्हतं. "पोराले हात नाही लावू दिला मी," ती म्हणाली. "म्हटलं, एक ना एक दिवस कोणी विचाराले येईन. तवा दाखवता आला पाह्यजे." चौतीस वर्षं विचारायला कोणी आलं नव्हतं, आणि आले ती मी, जिच्यामुळे हे सगळं घडलं. मी मान खाली घालून पाचही बाजू काढल्या. तिनं वाक्य दिलं, "नेला ते खरं. बदलला ते खोटं. एवढंच लिही." सही अशी ठसठशीत केली की कागद फाटायचा राहिला. मी तिथे काही बोलले नाही. आधी काकूंना कळायला हवं होतं. निघताना म्हटलं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी घरीच राहा.

तान्हा पोळा आला. मी रजा टाकून आदल्या दिवशीच पांढुर्ण्याला गेले आणि सकाळी उठून गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळवायची दोरी बांधली. वहीतली नंदींची पानं शिवण उसवून अलगद सोडवली आणि चिमट्यांनी दोरीवर लावली. पोरं नंदी घेऊन ओरडत फिरत होती, मोठी माणसं आपापला नंदी शोधून एकमेकांची वाक्यं वाचून हसत होती. ब्रशच्या शिंगाजवळ तर गर्दीच झाली. कोपऱ्यावरच्या दोघा भावांनी आपल्या पानासमोर उभं राहून एकत्र फोटो काढून घेतला.

दोरीच्या टोकाला, काकूंच्या दारासमोर, चार पानं शेजारी शेजारी होती. पहिलं काकूंनी सांगितलेल्या नंदीचं. दुसरं आमच्या पोपटी नंदीच्या पोटाचं. तिसरं सौंसरच्या नंदीचं. चौथ्यावर पावसात पळणारी एक पोरगी, फ्रॉकखाली नंदी, बाहेर हिरव्या झुलीचं टोक. खाली वाक्य होतं, "मी नेला. झूल पाहून नेला." आणि माझी सही. हे पान मी आईला आदल्या दिवशी दाखवलं होतं. त्या सकाळी तिनं स्वतः आमचा नंदी खाली काढला, पुसला आणि दोन्ही हातांत धरून दारात उभी राहिली.

काकू आल्या. पहिलं पान बघून हसल्या. दुसऱ्यापाशी थांबल्या. तिसरं वाचलं, चौथं वाचलं, परत दुसऱ्याकडे गेल्या. मग आईसमोर जाऊन नंदी हातात घेतला, उलटा केला आणि पोटावरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन.

"चौतीस वर्षं," काकू आईला म्हणाल्या, "माह्या बापाले ऑइल पेंट मारून राहिले होते तुम्ही लोकं?"

आईला हुंदका फुटला. काकूंनी तिचा हात धरला. मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू वं बह्याड! गणिताची मास्तरीण अन् दोन नंदी मोजता नाही आले तुले?" असं म्हणून पाठीत एक धपाटा घातला, चांगलाच लागला. मग नंदी घेऊन ओसरीत जाऊन बसल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. नंदी सापडला होता, पण चौतीस वर्षं ज्या बाईला चोर म्हटलं तिचं काय करायचं?

"फोन लाव तिले," त्या म्हणाल्या.

मी लावून हातात दिला. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. तिसऱ्या हॅलोला काकू म्हणाल्या, "मी बोलून राहिली." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "जेवली का?"

"नाही अजून."

"मंग ये. पुरण शिजून राहिलं. अन् ते पोतं घेऊन ये."

दुपारच्या बसनं सौंसरची काकू आली. चुकलं, माफ कर, असलं दोघी एकमेकींना काही म्हणाल्या नाहीत. जेवल्या, आणि मग भांड्यांतले दोन चमचे घेऊन ओसरीत नंदी मधे ठेवून त्याचा रंग खरवडायला बसल्या. आई कडेला बसली. पोटापासून सुरुवात केली. पोपटी निघाला, खाली भावाच्या लग्नातला पिवळा, मग गुलाबी, मग दारांचा निळा. एकेक थर निघाला की आई सांगे, हा कोणत्या सालचा, तेव्हा घरात काय होतं. मी वही काढून लिहीत होते, पण माझा हात मागे पडत होता. अखेर पोटावर सागाचं लाकूड दिसलं, पेटीची चिप दिसली आणि गंजलेले तीन खिळे. काकूंनी त्यावर कपाळ टेकवलं.

धाकटीनं चमचा पाठीकडे नेला. वरचे रंग भराभर सुटले आणि सगळ्यात खालचा पांढरा थर आला. तिनं त्यालाही चमचा लावला, तसा काकूंनी तिचा हात धरला.

"तो राहू दे," आईकडे पाहून त्या म्हणाल्या. "तो हिच्या मालकानं मारला हाये."

म्हणून काकूंचा नंदी आता पोटाखाली लाकडाचा आणि वरून पांढरा आहे. यंदा त्यांचा नातू तोच ओढणार आहे. आमचा बाजारातला आमच्या माळ्यावर आला. भावानं त्याला पोपटी रंग मारायला घेतला होता, मी डबा काढून घेतला. त्या संध्याकाळी मी काकूंच्या नंदीचं नवं पान काढलं; त्याखाली त्यांचं वाक्य मी मागितलं नाही, त्यांनी स्वतःच वही ओढून घेऊन लिहिलं, "दोघांच्याही हातचा." शेजारी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर तीन कप चहा आला, आईचा, काकूंचा आणि तिसरा सौंसरच्या काकूचा, कारण ती मुक्कामाला राहिली होती.